ओट्याखालची कडी

बसा. संध्याकाळची ट्यूब लावत नाही मी, डोळ्यांतून पाणी येतं. चित्रं काढायचा हा टेबलावरचा दिवा आहे, तो पुरे आपल्या दोघींना. चहा घ्या, गार होईल. तुमच्या मुलीबद्दल सांगितलंत ते सगळं ऐकलं मी. एवढीशी पोर, बाथरूमचं दार लावू देत नाही, कुठे कडी वाजली की किंचाळते. आणि तुम्हाला कुणीतरी सांगितलं की घाटकोपरच्या लतामावशी चित्रांची पुस्तकं करून मुलांची भीती घालवतात. खरं आहे. घालवत होते. पण गेल्या दिवाळीपासून मी एकही पुस्तक केलेलं नाही. का, ते ऐका आधी. मग तुमचं पुस्तक करायचं की नाही ते ठरवू.

माझी पद्धत सांगते. उभा जन्म बालवाडीत गेला माझा. मुलाला 'घाबरू नकोस' म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भीतीला हाकलायला गेलं की ती पलंगाखाली जाऊन बसते. तिला समोर बसवावं लागतं. म्हणून मी पुस्तक करायची. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, तेलखडू आणि गोधडीचा दोरा. पहिल्या पानावर भीतीचं तोंड. ते मुलानंच काढायचं, मी हात लावायचा नाही. मधल्या पानांवर ती भीती काय काय करते ते. मग एका पानावर तिला विचारायचं, 'बाई गं, तुला हवंय तरी काय?' मूल सांगेल ते तिला चित्रात द्यायचं. आणि शेवटच्या पानावर भीती आपल्या घरी जाते. एवढं झालं की ते पुस्तक भीतीच्या जागी न्यायचं आणि तिथे बसून मोठ्यानं वाचायचं.

एका मुलीला कुकरच्या शिट्टीची भीती होती. कुकरला काय हवंय विचारल्यावर म्हणाली, "त्याला पण भात पायजे. तो शिजवतो आणि आपणच खातो." दिला त्याला भात. शेवटच्या पानावर कुकर पोटभर जेवून फळीवर जाऊन झोपला. आम्ही दोघींनी ओट्यासमोर मांडी ठोकून ते पुस्तक वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब आईला सांगायला लागल्या, अजून एक शिट्टी होऊ दे. हसताय ना? मीही हसायची. तेव्हा हा सगळा गोड मामला होता.

गेल्या दिवाळीच्या जरा आधी एकदा मी स्टेशनपाशी खडू आणायला गेले होते. परतताना सपना भेटली. आमच्याच कॉलनीतली. ती अंधेरीला एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कंपनीत आहे, नवरा किरण ॲम्ब्युलन्स चालवतो, त्याच्या पाळीला काळवेळ नाही. त्यांचा एकुलता एक प्रबुद्ध. चार वर्षांचा, मोठ्या डोळ्यांचा. पूर्वी मला बघितलं की लांबूनच 'मावशीऽऽ' करून आरोळी ठोकायचा.

"मावशी, थांबा ना जरा," सपना म्हणाली. "प्रबुद्ध बोलतच नाही हो आजकाल. घरी आला की कोपऱ्यात बसतो. मी कपाट लावलं तरी कान झाकतो. लाइट घालवू देत नाही. वाट लागलीय आमची. मेट्रोत उभ्या उभ्या झोप लागते मला."

"पाळणाघरात काही झालं का?"

"छे! काकू किती चांगल्या आहेत. सगळी मुलं जेवतात काय, दुपारी गपचूप झोपतात काय. एवढी शिस्त तर माझ्या घरात नाही."

या काकू म्हणजे मृणालिनी. कॉलनीत कुणाला विचारलंत तरी चांगलंच सांगतील. कडक इस्त्रीची सुती साडी, अंगाला पावडरचा वास, बोलणं मधात बुडवलेलं. तिच्याकडे जागा मिळावी म्हणून आया पोट पुढे आलेलं असतानाच नाव घालून ठेवायच्या. मला ती बाई कधीच आवडली नाही. मुलं झोपली की घर शांत होतं, पण तिच्या घरातली शांतता झोपलेल्या मुलांची वाटायची नाही. आता मला सगळं कळतं असं कोण म्हणेल? म्हणून मी गप्प होते.

रविवारी सपना प्रबुद्धला माझ्याकडे घेऊन आली. इथेच, तुम्ही बसलात तिथेच बसला तो. मी कागद पुढे केला, खडू पसरले. "तुला भीती वाटते ना, तिचं तोंड काढ बघू."

त्यानं काळा खडू उचलला आणि एक चौकोन काढला. मग तो आतून भरायला लागला. खडूचा तुकडा पडला तरी थांबेना. कागद फाटायला आला तेव्हा मी हळूच विचारलं, "हे काय रे बाळा?"

"ओट्याखाली."

सपनानं माझ्याकडे बघितलं. मृणालिनीच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली सिलिंडरची जागा आहे, जुन्या घरांतून असते तशी. पाइपचा गॅस आला, सिलिंडर गेले, आणि ती कपाटं रिकामी राहिली. कुणी त्यात कांदे-बटाटे ठेवतं, कुणी रद्दी.

"तिथे काय आहे?"

"जो झोपत नाही त्याला काकू तिकडे ठेवतात." आवाज इतका बारीक की मला खाली वाकावं लागलं. "मग खट् करतात. आणि म्हणतात, शहाणा झालास की उघडीन."

सपनानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलासमोर चिडायचं नसतं, चिडलं की मूल मिटतं. मी पिवळा खडू त्याच्या हातात दिला. "आत तू आहेस ना? मग काढ तुला."

त्यानं काळ्यावर पिवळ्यानं एक छोटा माणूस काढला. मग त्याच्या शेजारी अजून एक. दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी. दोघांचे हात एकमेकांत.

"ही कोण रे?"

"आतली ताई."

"तिची भीती वाटते का तुला?"

त्यानं मान हलवली. नाही. "ती हात धरते. ती सांगते, नाक फटीला लाव… नायतर झोप येते."

तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला माहीत नसणार. बऱ्याच वर्षांपूर्वी, घरोघरी सिलिंडर होते तेव्हा, मृणालिनीच्या पाळणाघरात एक मुलगी गेली होती. मानसी नाव तिचं. लपंडाव खेळताना सिलिंडरच्या कपाटात जाऊन लपली, नळी गळत होती, तिथेच झोपली ती उठलीच नाही, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. मृणालिनी इतकी रडली होती की लोक मानसीच्या आईला सोडून हिलाच पाणी देत होते. आईबाप पुढे घर विकून निघून गेले. पण तिला काढताना कडी उघडावी लागली होती, आणि आतून कडी लावायची सोय कुठल्या सिलिंडरच्या कपाटाला असते हो? कडी बाहेरूनच असते. हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि तिच्या रिबिनी लाल होत्या. प्रबुद्धला हे कुणी सांगितलं असणार? त्याच्या आईला माहीत नव्हतं, ती लग्न होऊन आली नंतर.

आता खरं सांगते. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी पुढचा कागद घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"ताईला हवंय तरी काय?"

"बाहेर यायचंय."

"मग आणूया की तिला बाहेर." मी दार उघडं काढलं, मुलगी दाराबाहेर काढली. तो बघत होता, पण त्याचं समाधान झालेलं दिसेना.

"पण मग आत कोण?" त्यानं विचारलं. "आत कुणीतरी लागतं."

मी त्याच्याकडे बघितलं. "कोण पाहिजे आत? तिलाच विचार."

तो थोडा वेळ कान देऊन बसला. खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग प्रबुद्धनं हिरवा खडू घेतला आणि काळ्या चौकोनात एक मोठं माणूस कोंबलं. गुडघे हनुवटीला, मान वाकडी, अंगावर साडी. बाहेरून कडी मी काढली. माझ्या हातानं, तपकिरी खडूनं, चांगली जाड. आणि रागाच्या भरात तिथेच दोरा ओवून पुस्तक शिवून टाकलं. शेवटचं पान, भीती घरी जाते ते पान, राहून गेलं.

"पोलिसात जाऊया," मी सपनाला म्हटलं.

"चार वर्षांच्या पोराचं चित्र घेऊन? कोण ऐकणार मावशी?" तिचे डोळे लाल झाले होते. "उद्यापासून पाठवत नाही मी त्याला तिकडे. नोकरी गेली तरी चालेल."

"मी उद्या जाते त्याला घेऊन, एकदाच. पुस्तक जागेवर वाचायचं असतं. आणि मला त्या बाईचं तोंड बघायचंय."

सोमवारी भर दुपारी आम्ही गेलो. माझी आई मालवणची, ती नेहमी सांगायची, "भर दुपारी भायर पडा नको गो, त्या वक्ताक तेंचो वावर असता." भुतांच्या त्या वेळेवर मी आयुष्यभर हसले होते. त्या दिवशी जिन्यात चिटपाखरू नव्हतं. कुठल्यातरी घरात मिक्सर चालू होता तोही बंद पडला. प्रबुद्धनं माझं बोट धरलं होतं, त्याच्या हाताला घाम नव्हता. माझ्या होता.

"या या, लताताई!" मृणालिनीनं दार उघडलं. "आज प्रबुद्धला उशीर? आणि आज्जीबाई बरोबर?"

"पुस्तक आणलंय आम्ही. तुमच्या स्वयंपाकघरात बसून वाचायचंय."

"वाचा की. मुलं झोपलीयेत, जरा हळू आवाजात हं."

हॉलमध्ये सतरंजीवर मुलं ओळीनं पडली होती. झोपलेल्या मुलाच्या पापण्या सैल असतात. यांच्या घट्ट मिटलेल्या होत्या. एकही कूस बदलत नव्हतं.

स्वयंपाकघर लख्ख होतं. काळ्या कडप्प्याचा ओटा, खाली निळ्या रंगाचं छोटं दार. रंग जुना होऊन पोपडे निघाले होते, पण कडी मात्र पितळी भांडं घासावं तशी चकचकीत. रोज हात लागल्याशिवाय कडी अशी चमकत नाही. मी आणि प्रबुद्ध त्या दारासमोर जमिनीवर बसलो. मृणालिनी फ्रिजला टेकून उभी राहिली, हसत.

मी वाचायला लागले. "एक होतं काळं कपाट…"

दुसरं पान उलटलं आणि वास आला. गॅसचा. आधी पुसट, मग चांगला घशात उतरणारा. मृणालिनीनं ओट्यावरची बटणं बघितली. बंद होती. पाइपची चावी बघितली. तीही बंद. "वास येतोय का तुम्हाला?" तिनं विचारलं. आवाजातला मध आटला होता.

"येतोय," मी म्हटलं आणि पान उलटलं. "आत एक मुलगा होता. आणि त्याच्या शेजारी, लाल रिबिनींची…"

"हे काय वाचताय तुम्ही?"

मी थांबले नाही. दारात हालचाल झाली म्हणून वर बघितलं. सतरंजीवरची मुलं उठून आली होती. एकामागे एक, पावलांचा आवाज न करता, येऊन उभी होती. त्यांतलं एकही मृणालिनीकडे बघत नव्हतं. सगळी त्या निळ्या दाराकडे बघत होती.

"मुलांनो, चला झोपायला! लताताई, मुलांच्या डोक्यात काय वाट्टेल ते येतं, तुम्ही तरी…"

"मग मुलानं ताईला विचारलं," मी वाचलं, "ताई गं, तुला हवंय तरी काय?"

उत्तर मी वाचायचं होतं. पण माझ्या आधी मुलंच बोलली. सगळी एका सुरात, अगदी हळू, वर्गात पाढा म्हणावा तशी.

"काकू आत."

खट्.

कडी निघाली. कुणी हात लावला नव्हता. निळं दार बोटभर उघडलं. आत अंधार होता, आणि त्या फटीच्या कडेला, अगदी खाली, ओलसर वाफेचा डाग धरत होता, विरत होता. आरशाजवळ तोंड नेल्यावर पडतो तसा.

मृणालिनीनं लाथेनं दार लोटलं. "निघा!" ती किंचाळली. "आत्ताच्या आत्ता निघा माझ्या घरातून!"

प्रबुद्धला उचलून मी बाहेर आले. पाठीमागे दार धाडकन लागलं. दुसऱ्यांची मुलं मी कशी नेणार? खालच्या वळणावर उभी राहून सपनाला फोन लावला, म्हटलं सगळ्या आयांना कळव, धावत या. वर आधी मृणालिनीचा आवाज येत होता. मुलांवर ओरडत होती. मग एकदम थांबला. किंकाळी नाही, आदळआपट नाही. नुसता तो आवाज, जिन्यापर्यंत ऐकू आलेला.

खट्.

थोड्या वेळानं दार उघडलं. मुलं बाहेर आली, प्रत्येकाच्या पाठीवर आपलं दप्तर, पायात चपला, बक्कल नीट लावलेली. येऊन पायऱ्यांवर ओळीनं बसली. आया येईपर्यंत मला आत जायचं धाडस झालं नाही. एकीनं विचारलं, "काकू कुठायत रे?" सगळ्यांत धाकटी, बोबडी, तिनं बोट तोंडातून काढून सांगितलं, "काकू अजून शहानी नाय झाली."

कडी बाहेरून लावलेली होती. उघडली एका मुलाच्या वडिलांनी. ती जागा एवढीशी, त्यात धड कांद्याचं पोतं मावणार नाही. तिथे ती भरलेली होती. गुडघे हनुवटीला, मान वाकडी. जिवंत होती. नाक दाराच्या फटीला इतकं घट्ट लावून धरलेलं होतं की त्याची साल गेली होती. गॅसवाले येऊन तपासून गेले, गळती कुठेच नव्हती. पाळणाघर त्याच दिवशी बंद झालं. मुलांनी एकेक करून घरी सगळं सांगितलं, आणि या वेळी लोकांनी ऐकलं.

ती आता बोरिवलीला भावाकडे असते. भाऊ, चंद्रप्रकाश, सज्जन माणूस, मधे माझ्याकडे आला होता. घरातली सगळी दारं बिजागरीतून काढून ठेवलीत म्हणाला, संडासाचंसुद्धा. बहीण दिवसभर भिंतीला नाक लावून बसते आणि पुटपुटते, "झाले मी शहाणी… झाले मी शहाणी…" हात जोडून म्हणाला, "तुम्ही भीतीवर पुस्तक करता ना? तिच्यासाठी एक करा."

मी नाही म्हटलं. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

प्रबुद्ध झकास आहे. दिवा घालवून झोपतो, पुन्हा आरोळ्या ठोकतो. सपनानं कंपनीत पाळी बदलून घेतली. पण मला ते राहिलेलं पान खात होतं. मी मानसीला बाहेर काढलं आणि घरी पाठवायची विसरले. म्हणून एकदा त्याला इथे बसवलं, कोरा कागद दिला आणि विचारलं, "बाळा, ताई कुठे राहते रे आता? तिचं घर काढूया का?"

त्यानं नेहमीसारखा कान दिला. मग म्हणाला, "ती नाय जाणार. ती म्हणते, अजून खूप कड्या आहेत."

तो कागद हा, दिव्याखाली आहे तो. कोराच आहे. तेव्हापासून पुस्तक करायला बसले नाही, कारण भीतीला काय हवंय हे विचारल्यावर कोण उत्तर देईल ते मला माहीत आहे.

असो. आता तुमच्या मुलीचं. कडी वाजली की ती किंचाळते, एवढं तुम्ही सांगितलंत. का किंचाळते, ते मी विचारलं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. मघापासून बघतेय, तुम्ही रुमाल नाकाला लावून बसला आहात. गॅसचा वास येतोय ना? मलाही येतोय. तुम्ही आत पाऊल टाकलंत तेव्हापासून. पण माझ्याकडे इंडक्शनची शेगडी आहे हो, गेल्या दिवाळीतच गॅस काढून टाकला मी.

उठू नका. दार उघडणार नाही. मघाशी तुम्ही चहाचा कप ठेवलात ना, तेव्हाच कडीचा आवाज झाला, बाहेरून. तुम्हाला वाटलं कप वाजला.

बसा खाली. आणि शहाण्यासारखं सांगा, कुठे कोंडता तिला?